चार बाद १४९

छत्तीसगडमधला आयपीएलचा पहिला सामना २८ एप्रिल २०१३ला, रविवारी झाला. भिलाईहून निघायचं, रायपूर ओलांडायचं आणि नव्या रायपूरपर्यंत जायचं, की शहीद वीर नारायण सिंह स्टेडियम येतं. दिल्ली डेअरडेव्हिल्सनी ते आपलं दुसरं घरचं मैदान ठरवलं होतं. पाहुणा संघ होता पुणे वॉरियर्स. धावफलकात नोंद आहे ती अशी: दिल्ली ५ बाद १६४, त्यात डेव्हिड वॉर्नर २५ चेंडूंत नाबाद ५१, पुणे ४ बाद १४९. दिल्ली १५ धावांनी विजयी.

माझी नजर अडते ती त्या 'चार'वर. संघ कोसळला, सगळे बाद झाले आणि हरला, तर समजू शकतं. इथे सहा गडी हातात होते, संपली ती षटकं. आणि हे पहिल्यांदाच घडत नव्हतं. आदल्या वर्षी ३ मे २०१२ला पुण्याच्या गहुंजेतल्या घरच्या मैदानावर मुंबई इंडियन्सनी कशाबशा ९ बाद १२० धावा केल्या होत्या. पुण्याने उत्तरात ६ बाद ११९ केल्या आणि एका धावेने सामना घालवला.

अंतिम गुणतक्त्यावर विसंबलं, तर २०१३ साली पुणे थोडं सुधारलं असं वाटेल. २०१२ला नऊ संघांत नववं, २०१३ला आठवं. पण दोन्ही वर्षांचा हिशेब तंतोतंत एकच आहे: सोळा सामने, चार विजय, बारा पराभव. तक्ता बाजूला ठेवून सामने तारखांप्रमाणे मांडले की वेगळंच चित्र दिसतं. २१ एप्रिल २०१२ला पुण्याने दिल्लीत दिल्लीला २० धावांनी हरवलं. त्यानंतर त्या हंगामात सलग नऊ पराभव. पुढचा हंगाम हैदराबाद आणि पंजाबविरुद्धच्या पराभवांनी सुरू झाला. म्हणजे ओळीने अकरा. पुढचा विजय ११ एप्रिल २०१३चा, राजस्थानविरुद्ध. वर्ष भरायला दहा दिवस कमी. हंगाम बदलला की तक्ता कोरा होतो, त्यामुळे अकराचा हा आकडा कुठल्याच एका तक्त्यात सापडत नाही.

रायपूरचा सामना पराभवांच्या दुसऱ्या माळेतला. १७ एप्रिलला घरच्या मैदानावर हैदराबादच्या ११९ धावांचा पाठलाग करताना अमित मिश्राच्या हॅटट्रिकपुढे पुणे १०८वर आटोपलं. २१ला मोहालीत १८५ धावा करूनही हार. २३ला बंगळूरमध्ये पुण्याने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतलं आणि ख्रिस गेलने ६६ चेंडूंत नाबाद १७५ केल्या, सतरा षटकारांसह. बंगळूर ५ बाद २६३, पुण्याचा १३० धावांनी पराभव. त्या सामन्याबद्दल लिहिणाऱ्या बहुतेकांना गेल आठवतो. समोर कोण होतं हे आठवावं लागतं. त्यानंतर पाचच दिवसांनी रायपूर. ही माळ ११ मेपर्यंत लांबली आणि २०१२च्या हंगामातल्यासारखीच तीही बरोबर नऊ पराभवांची.

रायपुरात जिंकणारी दिल्ली तरी कोण होती? त्या हंगामात तिने जिंकलेले सामने तीन, त्यांतले दोन रायपूरचे: हा एक, आणि १ मेचा कोलकात्याविरुद्धचा. भिलाईहून दोन्ही दिवस जाऊन आलेल्या प्रेक्षकाला दिल्ली अजिंक्य संघ वाटली असती. प्रत्यक्षात ती नववी आली. १९ मे रोजी गहुंजेत पुण्याने तिला ३८ धावांनी हरवलं म्हणूनच पुणे आठवं राहिलं.

इतकं हरणाऱ्या संघाला कुठेकुठे भरपाई मिळते. अमेरिकन फुटबॉलमध्ये डेट्रॉइट लायन्स २००८ साली सोळापैकी सोळा सामने हरले. पण तळाच्या संघाने नवा खेळाडू सर्वांत आधी निवडायचा, ही तिथली रीत. त्यामुळे पुढच्या वर्षी मॅथ्यू स्टॅफर्ड त्यांच्या पदरी पडला. आयपीएलच्या लिलावात अशी भरपाई नसते.

पुण्याला तर पुढचा लिलावच लाभला नाही. सहारा समूहाने २०१० साली हा संघ ३७ कोटी डॉलरना घेतला होता. बोली लावताना हंगामात ९४ सामने धरले होते, प्रत्यक्षात त्याहून कमी झाले, तेव्हा संघमालकीचं शुल्क कमी करा, हा सहाराचा जुना दावा. शुल्काचा तंटा मिटेना, तेव्हा क्रिकेट मंडळाने सहाराची बँक हमी वटवली, आणि २१ मे २०१३ला, शेवटच्या सामन्यानंतर दोनच दिवसांनी, सहाराने आयपीएल सोडत असल्याचं जाहीर केलं. २६ ऑक्टोबरला मंडळाने करार रद्द केला. तीन हंगामांत ४६ सामने, १२ विजय, ३३ पराभव, एक अनिर्णित. करार रद्द होण्यात त्या ३३चा काहीच हात नव्हता. कारण होतं ते नव्याने न भरलेल्या हमीचं.