दसरा काढण्याचे दिवस

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात पाली येतं आणि गावाशेजारी बिंदुसरेचं धरण. बालाघाटाच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी पुढे बीड शहरातून वाहत सिंदफणेला मिळते. गणपती गेले, पितृपंधरवडा लागला आणि पावसानं उघडीप दिली की असल्या नदीकाठांवर वर्षातलं सगळ्यात मोठं धुणं निघतं. वाकळा, लेप, गोधड्या, चादरी, सतरंज्या, जे जे अंगाखाली आणि अंगावर घेतलं जातं ते सगळं गाठोड्यांत बांधून बायका पाण्यावर नेतात. घटस्थापनेच्या आत हे काम उरकायचं असतं. याला मराठवाड्यात दसरा काढणं म्हणतात.

घरात घट बसणार, देवी येणार, म्हणून घर निर्मळ हवं, एवढंच कारण घरातल्या थोरल्या बाईनं सांगितलं असतं आणि तेवढं पुरेसं होतं. पण ज्या घरात माणसं आणि जनावरं एका छताखाली नांदत, त्या घरातून केस, कोंडा आणि धुळीचा वर्षभराचा साठा यानिमित्तानं बाहेर पडे. घरातल्या मांजरा-कुत्र्यामुळे शिंका, दमा आणि डोळ्यांची खाज सुरू झाली की डॉक्टर आज जी साफसफाई सांगतात, तिच्याशी या रिवाजाचं फार जवळचं नातं आहे.

जुनं घर माळवदाचं. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, वर पांढऱ्या मातीचा थर, खिडक्या जेमतेम. उन्हाळ्यात गार, पावसाळ्यात कोंदट. अनेक घरांत बैलांची दावण ढेलजेला लागून किंवा थेट आतल्या खणात असे. जनावर चोरीला जाण्याचं भय मोठं होतं, आणि रात्री वैरण टाकायला उठणाऱ्यालाही ते सोयीचं पडे. शेरडं-करडं पावसात आतच. उंदरांसाठी पाळलेलं मांजर कणगीपाशी आणि थंडीत थेट वाकळेत. कुत्रं मात्र उंबऱ्याच्या बाहेर राही.

स्वच्छतेची सुरुवात जनावरापासूनच होई. श्रावणी अमावास्येच्या पोळ्याला बैल नदीवर किंवा ओढ्यावर नेऊन घासून धुतात. आदल्या दिवशी खांदेमळणीला त्यांच्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळतात. त्यानंतर महिनाभरात घराची पाळी. आधी जनावर, मग घर हा क्रम शेतीच्या कामांनी आणि पंचांगानं ठरवला होता, पण तो अगदी बरोबर बसला होता.

दसरा काढायचा म्हणजे घर शब्दशः रिकामं करायचं. उतरंडी खाली येत, डबे-भांडी अंगणात मांडली जात, जळमटं निघत. भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा, जमिनीला शेणाचं सारवण. बाजा उन्हात उभ्या करून ढेकणांसाठी त्यांच्या सांध्यांत कढत पाणी ओतलं जाई. खरी मेहनत वाकळांची. जुन्या लुगड्यांचे थरावर थर घालून शिवलेली वाकळ कोरडीसुद्धा जड असते, भिजल्यावर एकटीला उचलत नाही. ती सोड्याच्या पाण्यात भिजवायची, दगडावर धोपटणं घेऊन बडवायची, दोघींनी दोन टोकं धरून पिळायची आणि खडकावर नाहीतर झुडपांवर दिवसभर वाळत घालायची. ज्यांच्याकडे जळण होतं ते कपडे मोठ्या भांड्यात उकळून घेत. घरात दहा माणसं असली तर हे काम एका दिवसात आवरत नसे. सगळा भार बायकांच्या कमरेवर पडे, आणि या रिवाजाचं कौतुक करताना तो भार विसरणं अन्यायाचं होईल.

या सगळ्यामागचं शास्त्र बऱ्याच उशिरा उलगडलं. ‘ॲलर्जी’ हा शब्दच 1906 सालचा, व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिरके या बालरोगतज्ज्ञानं घडवलेला. घरातल्या धुळीनं दमा होतो हे 1920च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आलं, पण त्या धुळीत नेमकं काय असतं, हे कोडं 1964 पर्यंत सुटलं नाही. त्या वर्षी नेदरलँड्समधल्या लायडनच्या फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा यांनी डोळ्यांना न दिसणाऱ्या धूळकिड्यांकडे बोट दाखवलं. हे किडे माणसाच्या आणि जनावराच्या कातडीचा कोंडा खातात, गाद्या-पांघरुणांत राहतात आणि हवेतल्या ओलाव्यावर जगतात. पुढे 1970च्या दशकात मांजराचं मुख्य ॲलर्जीकारक प्रथिन वेगळं काढण्यात आलं. ते मांजराच्या कातडीतल्या ग्रंथींत आणि लाळेत असतं; मांजर अंग चाटतं तसं केसांवर पसरतं, वाळतं आणि अतिसूक्ष्म कणांवर बसून तासन् तास हवेत तरंगतं. गाईच्या कोंड्यातही असं प्रथिन सापडलं आहे.

हे प्रथिन किती चिवट असतं याची कल्पना 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासानं दिली. मांजर घरातून हलवल्यावरही बहुतेक घरांत त्याचा अंश मांजर नसलेल्या घरांइतका खाली यायला 20 ते 24 आठवडे लागले. ज्यांनी गालिचे आणि मऊ गाद्यांचं सामान बाहेर काढलं, त्यांच्याकडे तो बराच लवकर उतरला.

आता माळवदाच्या घराकडे पुन्हा पाहावं. तिथे गालिचा नव्हता, सोफा नव्हता. बाजेला सुंभ, जमिनीला सारवण. कोंडा मुरून बसेल अशी मुख्य जागा म्हणजे वाकळ, आणि तीच पाण्यात जाई. ही प्रथिनं पाण्यात विरघळतात, म्हणून नुसतं खळबळून धुतलं तरी मोठा भाग निघून जातो. 60 अंशांच्या आसपास गरम पाणी असेल तर धूळकिडेही मरतात. उन्हाचं काम वेगळं. सिडनीत 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कडक उन्हात टाकलेल्या गालिच्यांतले किडे मेले. मेलेल्या किड्यांचं ॲलर्जीकारक द्रव्य मात्र मागे उरतं, त्याला पाणीच लागतं. पाणी आणि ऊन, दोन्ही दसऱ्याच्या धुण्यात होती.

सगळ्यात नेमकी होती ती वेळ. पावसाळाभर घरात ओल, पांघरुणं दमट, जनावरं आत. धूळकिड्यांना वाढायला याहून चांगला हंगाम नाही. भादव्याचं ऊन पडलं की लगेच धुणं आणि त्यानंतर थंडी, जेव्हा दारं बंद करून सगळे वाकळा ओढून झोपणार. बीड जिल्ह्यात याला आणखी एक पदर होता. दसरा-दिवाळीनंतर इथली हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात. उसाच्या फडाशेजारच्या कोपीत बैलांच्या जवळ पाच-सहा महिने काढताना अंगावर असे ती हीच नुकती धुतलेली वाकळ.

म्हणून जुन्या घरांत दमा नव्हता, असं म्हणणं खोटं ठरेल. चुलीचा धूर, वैरणीची धूळ आणि ओल यांनी छाती भरलेली माणसं गावोगाव होती. वर्षातून एकदा धुणं हेही पुरेसं नसतं. मांजर धुतलं तरी त्याच्या अंगावरचं प्रथिन आठवड्याभरात पूर्ववत होतं, तीच गत पांघरुणांची. गोठ्याची एक बाजू मात्र आता जगभर अभ्यासली जाते. अमेरिकेतले आमिश आणि हटराइट हे दोन्ही शेतकरी समाज वंशानं जवळचे. आमिशांची गोठ्यातली मुलं आणि हटराइटांची यंत्रशेतीजवळची मुलं यांची 2016 मध्ये तुलना झाली, तेव्हा दम्याचं प्रमाण आमिशांत सुमारे 5 टक्के, तर हटराइटांत 21 टक्के आढळलं. लहानपणापासून गोठ्यातल्या जंतूंशी ओळख झाल्यानं शरीर शहाणं होतं, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. पण ज्याला एकदा ॲलर्जी जडली, त्याला गोठ्यात नेऊन ती बरी होत नाही.

या रिवाजाची मोडतोड हळूहळू झाली. 1972 सारख्या दुष्काळात प्यायला पाणी नव्हतं, तिथे वाकळा धुणार कशात? मग माळवदं जाऊन स्लॅब आले, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, बाजेच्या जागी दिवाण आणि त्यावर फोमची गादी आली. फोमची गादी नदीवर नेता येत नाही. ज्या घरांनी दावण बाहेर काढली, त्याच घरांत कुत्र्याचं पिल्लू सोफ्यावर आणि मांजर उशीवर आलं. कोंडा साठायला जागा वाढल्या आणि तो वर्षाकाठी बाहेर काढणारा दिवस मात्र भिंती पुसण्यापुरता उरला. नदीवर साबणाचं पाणी सोडणंही आता योग्य नव्हे. बिंदुसरेचं पाणी प्यायलाही लागतं.

नदी सोडली तरी कामाचा गाभा घरात करता येतो. ॲलर्जी असलेल्यानं झोपायच्या खोलीत जनावर येऊ देऊ नये, चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात धुवावेत, गादीला घट्ट विणीची खोळ घालावी आणि कोरड्या केरसुणीनं धूळ उडवण्याऐवजी फरशी ओल्या फडक्यानं पुसावी. पांघरूण म्हणून भारी ब्लँकेटपेक्षा दोन पातळ सुती वाकळा बऱ्या, कारण त्या बादलीत मावतात, यंत्रात फिरतात आणि गच्चीवर एका दिवसात वाळतात. आणि या वेळी पिळायला दुसऱ्या टोकाला घरातल्या पुरुषानं उभं राहावं.