ठासणीची रायफल (हरणांची शिकार)

ठासणीची रायफल म्हणजे नळीच्या तोंडातून दारू व गोळी घालून ती गजाने ठासून भरावी लागणारी, नळीच्या आत मळसूत्री खाचा असलेली बंदूक होय. काडतुसे आल्यावर युद्धातून ती बाद झाली. अमेरिकेत मात्र हरणांच्या, विशेषतः पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या, शिकारीसाठी ती आजही वापरात आहे. तेथील अनेक राज्ये तिच्यासाठी वेगळा हंगाम राखून ठेवतात. बार एकच असल्याने व बंदूक पुन्हा भरण्यास वेळ लागत असल्याने नेम थोडा चुकला तरी जखमी जनावर रानात निसटते. रायफलीच्या निवडीला महत्त्व येते ते यामुळे.

राज्यांचे नियम

निवडीची सुरुवात दुकानात नव्हे, राज्याच्या नियमांत होते. पेनसिल्व्हेनियाने १९७४ मध्ये चकमकीच्या बंदुकांचा हंगाम सुरू केला. नाताळानंतरच्या त्या हंगामात दुसऱ्या प्रकारची ठासणीची बंदूक चालत नाही. कोलोरॅडोत आधुनिक रचनेची बंदूक चालते, पण ठासणीच्या हंगामात दुर्बीण, प्लॅस्टिकच्या वेष्टनातील गोळी (सॅबो) आणि दारूच्या तयार वड्या यांना मनाई आहे. दुर्बिणीसह घेतलेल्या महागड्या रायफलीचा तेथे फारसा उपयोग उरत नाही.

पेट देण्याची रचना

चकमकीच्या बंदुकीत गारगोटी पोलादावर आपटून ठिणग्या पडतात व नळीच्या कानाजवळील रंजक पेटते. रंजक ओलसर झाल्यास बार फुकट जातो. स्कॉटिश धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्साइथ यांनी १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या मिश्रणाचे पेटंट घेतले. त्यातून पुढे तांब्याची टोपी आली आणि पावसाळी हवेतील भरवसा वाढला. टोनी नाइट यांच्या १९८५ च्या एमके-८५ या रायफलीने नळीच्या रेषेतच, दारूच्या थेट मागे, पेट देणारी ‘इनलाइन’ रचना लोकप्रिय केली. नवख्या शिकाऱ्यास हीच सर्वांत सोपी पडते.

खाचांचा पीळ आणि गोळी

खरेदीत सर्वाधिक दुर्लक्ष होते ते पिळाकडे. कापडी चकतीत बसवलेल्या गोल गोळीला सावकाश पीळ लागतो, म्हणजे सुमारे ६६ इंचांत एक फेरा. लांबट वा सॅबोतील गोळीला जलद पीळ लागतो. इनलाइन रायफलीत तो बहुधा २८ इंचांत एक असतो. जलद पिळाच्या नळीतून भरपूर दारूने गोल गोळी उडवल्यास ती खाचांवरून घसरते व नेम बिघडतो. ४८ इंचांचा पीळ ही तडजोड आहे. तो दोन्ही प्रकार बऱ्यापैकी सांभाळतो. म्हणून गोळी आधी ठरवावी, नळी नंतर.

हरणासाठी ०.५० इंच व्यासाची नळी सर्वाधिक प्रचलित आहे. तिच्या गोल गोळीचे वजन सुमारे ११.५ ग्रॅम असते आणि तिचा वेग झपाट्याने घटतो. त्यामुळे उघड्या माशीच्या जुन्या धाटणीच्या रायफलीने शंभर मीटरांच्या आतच बार टाकणे योग्य ठरते.

दारू व सुरक्षा

पारंपरिक काळ्या दारूत सोरा ७५, कोळसा १५ व गंधक १० टक्के असते. तिच्या जागी केवळ तिच्यासाठीच बनवलेले पर्याय वापरावेत. बिनधुराच्या दारूने साधारण ठासणीची नळी फुटून जीव जाऊ शकतो. दारू उत्पादकाने सांगितलेल्या मापाने मोजतात. गजावर भरलेल्या नळीची खूण करून ठेवल्यास चुकून दुहेरी भरणा होत नाही. उरलेली काजळी ओल शोषून लोखंड गंजवते, म्हणून नळी त्याच दिवशी धुवावी लागते.

भारतातील स्थिती

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार चितळ, सांबर इत्यादी हरणांच्या शिकारीस बंदी आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये मात्र पीक संरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. कोकणातील शेतकऱ्यांकडे अशा परवान्याच्या बंदुका आढळतात. त्या बहुधा गुळगुळीत नळीच्या, म्हणजे रायफल नसलेल्या असतात आणि त्यांचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे.