विमान कंपनीतल्या लोकांची 'फुकट' सीट येते कुठून?

विमान कंपनीत नोकरी म्हणजे जगभर फुकट भटकंती, अशी आपल्याकडे समजूत आहे. अमेरिका-युरोपमधल्या कंपन्यांबाबत ती अर्धीच खरी आहे. तिथल्या कर्मचाऱ्याला बहुतेक वेळा मिळतो तो स्टँडबाय प्रवास. म्हणजे काय, तर यादीत नाव टाकायचं, बॅग घेऊन गेटपाशी बसायचं आणि पैसे भरलेले सगळे प्रवासी चढल्यावर जागा उरली तर जायचं. नाही उरली तर पुढचं विमान, नाहीतर उद्याचं. अशा प्रवाशाला कंपनीच्या भाषेत 'नॉन-रेव्ह' म्हणतात, कारण त्याच्यापासून महसूल मिळत नाही.

माझी पीएचडी वातावरणाच्या वरच्या थरातल्या वाऱ्यांवर आहे. या वाऱ्यांचा अटलांटिकवरच्या विमानांवर काय परिणाम होत आला हे वाचता वाचता मी या उरलेल्या सीटपाशी पोचलो. ती सीट उरते कशी, याचा इतिहास बराचसा ऋतूंचा इतिहास आहे.

सुरुवात वाऱ्यापासून करू. अल्कॉक आणि ब्राउन यांनी जून १९१९ मध्ये न्यूफाउंडलंडहून उड्डाण केलं आणि सुमारे सोळा तासांत ते आयर्लंडला उतरले. अटलांटिक न थांबता पार करणारं ते पहिलं विमान. उलट दिशेने, म्हणजे युरोपकडून अमेरिकेकडे, न थांबता विमान जायला मात्र एप्रिल १९२८ उजाडावं लागलं. तेच पाणी, तेवढंच अंतर, आणि मध्ये जवळपास नऊ वर्षं! त्या अक्षांशांवर वारा प्रामुख्याने पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जाताना तो पाठीशी असतो, येताना छातीवर.

हा वारा हिवाळ्यात जास्त जोर धरतो. विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या तापमानांत जितका फरक जास्त, तितका उंचावरचा वारा वेगवान, आणि हिवाळ्यात ध्रुवाकडची बाजू फारच थंडावते. आकडा घालून बघा. न्यूयॉर्क ते लंडन अंतर साधारण ५,५०० किमी. विमानाचा हवेतला वेग ताशी ८५० किमी धरला, तर वारा नसताना साडेसहा तास लागतील. समोरून सरासरी १५० किमीचा वारा असेल तर तेच अंतर कापायला जवळपास पावणेआठ-आठ तास. म्हणजे जवळजवळ दीड तासाचं जास्तीचं इंधन. उलट दिशेला मजाच मजा. फेब्रुवारी २०२० च्या वादळात ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं.

आता १९३९. पॅन अ‍ॅमने त्या वर्षी बोइंग ३१४ या उडत्या बोटींनी अटलांटिकपार प्रवासी सेवा सुरू केली. एका बाजूचं भाडं ३७५ डॉलर, त्या काळात भलतीच मोठी रक्कम. मार्ग दोन होते. उत्तरेचा मार्ग शेडियाक, बॉटवुड, फॉइन्स असं करत साउदम्प्टनला जायचा. दक्षिणेचा अझोर्स बेटांवरून लिस्बनला. उत्तरेचा मार्ग जवळचा, पण बॉटवुडचं बंदर हिवाळ्यात गोठतं, आणि उडत्या बोटीला उतरायला पाणी लागतं, बर्फ नाही. म्हणून तो मार्ग मुळातच उन्हाळ्यापुरता. पुढे १९४१ च्या हिवाळ्यात तर लिस्बनहून परतणाऱ्या बोटी पश्चिम आफ्रिकेतल्या बोलामापर्यंत खाली उतरून, दक्षिण अटलांटिक ओलांडून, कॅरिबियनमार्गे न्यूयॉर्कला जात. नकाशावर हे वेड्यासारखं दिसतं. पण समोरच्या वाऱ्याशी झुंजण्यापेक्षा तो वेढा परवडायचा. 'सीझनल रूट' ही कल्पना अशी मार्केटिंगच्या आधी भौतिकशास्त्राने जन्माला घातली.

युद्धानंतर पंख्याची विमानं आली, तरी हिवाळ्यात पश्चिमेकडे जाताना न्यूफाउंडलंडमधल्या गॅंडरला इंधनासाठी उतरणं नेहमीचंच होतं. ऑक्टोबर १९५८ मध्ये जेटची सेवा सुरू झाली, आणि गंमत म्हणजे पॅन अ‍ॅमच्या न्यूयॉर्क-पॅरिस ७०७ चं पहिलंच उड्डाणही गॅंडरला थांबलं. हळूहळू मात्र पल्ला वाढला. १४ मे १९६० ला एअर इंडियाचं ७०७ लंडनमार्गे न्यूयॉर्कला गेलं. मोठी जेट विमानं बाराही महिने उडू लागली. पण माणसं बाराही महिने तेवढीच फिरत नाहीत ना! जुलैमध्ये भरणारं विमान फेब्रुवारीत अर्धंमुर्धं जायचं.

इथे आपली सीट पहिल्यांदा दिसते. १९७० च्या दशकात अमेरिकेत देशांतर्गत भाडी सरकारी मंडळ ठरवत असे, आणि ती ठरवताना मंडळ १०० पैकी ५५ जागा भरतात असं प्रमाण धरायचं. म्हणजे उरलेल्या ४५ रिकाम्या जागांचा खर्च भाड्यातच मिळवलेला. अशा जगात कर्मचाऱ्याला "जा, बस" म्हणायला कंपनीला काहीच लागत नव्हतं. स्टाफ ट्रॅव्हल ही सवलत वाढली ती या ढिसाळपणाच्या सावलीत.

मग दोन गोष्टी घडल्या. १९७८ मध्ये अमेरिकेने देशांतर्गत भाड्यांवरचं नियंत्रण उठवायचा कायदा केला. कंपन्या संगणक लावून प्रत्येक सीट कधी, कोणाला, किती किमतीला विकायची याचा हिशेब करू लागल्या. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत आहे, पण मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. ती म्हणजे १९८४ चा अमेरिकी करकायदा. नोकरीतल्या सवलतींवर कर लावायचा की नाही, हा प्रश्न त्यात पहिल्यांदा नीट सोडवला गेला. विमान प्रवासाबाबत उत्तर असं निघालं: कंपनीला त्यासाठी फारसा जास्तीचा खर्च येत नसेल, तर कर नाही. आणि बुडालेला महसूल हाही खर्चच धरायचा. नियमांत तर स्पष्टच आहे, की कर्मचाऱ्याला राखीव सीट फुकट दिली तर ही करमाफी लागू होत नाही, कारण ती सीट विकता आली असती.

जरा थांबून याचा अर्थ बघा. सीट उरलेली असणं ही या सवलतीची कायदेशीर अट झाली. आईवडिलांनाही ही माफी मिळते, आणि तीही फक्त विमान प्रवासासाठी (हे वाचून मला उगाचच बरं वाटलं). मित्राला पास दिला तर मात्र त्याची किंमत कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात धरतात. आपल्याकडे रेल्वेच्या पासाभोवती संसार उभे राहिलेत, गावची लग्नं आणि मुलांच्या सुट्ट्या त्यावर ठरल्यात. तिथेही तसंच. कमी पगाराची ग्राउंडवरची नोकरी लोक धरून ठेवतात त्यात या पासाचा वाटा असतो. तो एका अर्थी पगारच आहे, फक्त त्याची किंमत पगारपत्रकावर छापलेली नसते.

आणि तो घटत गेलाय. २०२४ मध्ये जगभरच्या विमानांतल्या सरासरी ८३.५ टक्के जागा भरल्या होत्या. ही वर्षाची सरासरी, म्हणजे ऐन उन्हाळ्यातलं चित्र याहून घट्ट. कोणी करार बदलला नाही, कोणी सही केली नाही. पास तोच राहिला, सीट गेली.

सीझनल मार्गांनी यात भर घातली. पूर्वी हिवाळ्यात विमान रिकामं उडायचं, आता ते उडतच नाही. युनायटेडने नेवार्कहून डुब्रोव्हनिकला २०२१ मध्ये, अझोर्समधल्या पोंटा डेलगाडाला २०२२ मध्ये आणि ग्रीनलंडमधल्या नूकला २०२५ मध्ये सेवा सुरू केली, ती उन्हाळ्यापुरती. मागणी असते तेवढेच महिने विमान ठेवायचं, बाकी वेळ दुसरीकडे लावायचं. कंपनीच्या बाजूने हे शहाणपणाचंच आहे, इंधनही वाया जात नाही. पण उरलेल्या सीटवर जगणाऱ्याला जुलैत जागा नाही आणि जानेवारीत विमान नाही.

बरं, हिवाळ्यात जी विमानं उडतात त्यांत तरी? तिथे पुन्हा वारा आडवा येतो. डिसेंबर २०११ मध्ये समोरचा वारा इतका जोरात होता, की युरोपहून अमेरिकेला येणाऱ्या युनायटेडच्या सुमारे १,१०० ७५७ उड्डाणांपैकी ४३ विमानांना वाटेत इंधनासाठी उतरावं लागलं. आधीच्या डिसेंबरमध्ये हा आकडा १२ होता. असं उतरणं टाळायचं तर वजन कमी करावं लागतं, म्हणजे मुद्दाम काही जागा रिकाम्या ठेवायच्या. गेटवरच्या पडद्यावर दहा सीट मोकळ्या दिसतात, आणि तरी स्टँडबायवाल्याचं नाव पुकारलं जात नाही. बाहेरच्याला हा अन्याय वाटतो. आत इंधनाचा हिशेब चालू असतो.

उरलेल्या थोड्या जागा वाटायच्या म्हणजे नियम आलेच. काही कंपन्यांत नोकरीची ज्येष्ठता बघतात, काहींत चेक-इन आधी कोणी केलं ते. गर्दीच्या तारखांना ठरावीक मार्गांवर मित्रांचे पास किंवा दुसऱ्या कंपन्यांचे कर्मचारी घेणं सरळ बंद करतात, त्याला एम्बार्गो म्हणतात. मला विचाराल तर यातलं ज्येष्ठतेचं तत्त्व सगळ्यात बोचणारं आहे. तीस वर्षं नोकरी झालेल्याकडे आठवडाभर वाट बघायला रजा असते, नव्या पोराला सोमवारी ड्युटी असते.

म्हणून सीझनल मार्गावर जाणारे अनुभवी लोक परतीचा दिवस आधी बघतात. मार्गावरचं मोसमातलं शेवटचं विमान कधी आहे, त्याच्या आधी किती विमानं आहेत, प्रत्येकात किती जागा विकायच्या राहिल्या आहेत. नूकमध्ये ते शेवटचं विमान चुकलं तर आइसलँड किंवा डेन्मार्कमार्गे यावं लागतं, तेही दुसऱ्या कंपनीच्या विमानाने. बरेच जण खिशात एक पूर्ण भाड्याचं, रद्द करता येण्यासारखं परतीचं तिकीटही ठेवतात, आणि गेटवर नाव पुकारलं गेलं की आधी फोन काढून ते रद्द करतात.