भिंतीवरचा चौक, कापडावरचा ठसा

घरगुती वापराच्या इंकजेट छपाईयंत्रात सहसा पांढरी शाई नसते. निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शायांवर ही यंत्रे चालतात. पांढरा रंग हवा असेल तर कागद किंवा कापड त्या जागी कोरे सोडावे लागते. त्यामुळे घरच्या घरी उशीच्या अभ्र्यावर किंवा पिशवीवर ‘वारली’ नक्षी छापणारा माणूस नकळत एक उलटी क्रिया करीत असतो. तो गेरूचा तपकिरी रंग छापतो आणि माणसे, झाडे, बैल यांच्या आकृत्या न छापता सोडून देतो. ज्या चित्रात पांढरी रेघ हीच एकमेव कृती होती, त्या चित्राच्या छापील प्रतीत ती रेघ म्हणजे केवळ रिकामी राहिलेली जागा असते.

ही रेघ आली कोठून, आणि कापडापर्यंत पोहोचेतो तिच्या मालकीचे काय झाले?

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, डहाणू आणि घोलवड यांच्या दरम्यान समुद्रकाठी चिखले हे गाव आहे. किनाऱ्यालगत सुरूची झाडे आणि चिकूच्या वाड्या दिसतात; पूर्वेकडे वळले की जमीन चढत जाते आणि डहाणू-तलासरीच्या डोंगराळ पट्ट्यातील पाडे लागतात. हा वारल्यांचा मुलूख. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड येथून तो उत्तरेस उंबरगाव, धरमपूर आणि दादरा-नगर हवेलीपर्यंत पसरला आहे. राज्यांच्या सीमा या मुलखावर फार उशिरा ओढल्या गेल्या.

येथील घराच्या भिंती कारवीच्या कुडाच्या. त्यांवर माती-शेणाचा लेप आणि लग्नकार्य असेल तर गेरूचा हात. तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे, बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ करायचे, की रंग आणि कुंचला दोन्ही तयार. लग्नाच्या वेळी या भिंतीवर चौक लिहिला जातो. तो लिहिण्याचा अधिकार परंपरेने सवाशिणींचा, म्हणजे ज्यांचे नवरे हयात आहेत अशा स्त्रियांचा. लग्नविधीची गाणी म्हणणारी आणि विधी चालवणारी धवलेरीही स्त्रीच. चौकोनी नक्षीदार चौकटीच्या मधोमध पालघट देवी उभी राहते. तिच्या भोवती झाड, सूर्य, चंद्र, शिडी, फणी या आकृत्या येतात. शेजारी लहान देवचौकात पाच शिरांचा पंचशिऱ्या असतो. आज ज्याला सर्वजण ‘वारली चित्र’ म्हणतात त्यातील शेती, शिकार आणि नाच यांची दृश्ये मुळात या चौकाच्या भोवतालची होती. मध्यभाग देवीचा होता.

या चित्राविषयी दोन गोष्टी ध्यानात घेणे अगत्याचे आहे. पहिली, ते टिकावे अशी कोणाचीही अपेक्षा नव्हती. तांदळाचे पीठ वाळून गळते, पावसाळ्याची ओल भिंतीला लागते, पुढच्या कार्याला भिंत पुन्हा सारवली जाते. दुसरी, चित्राखाली कोणाचेही नाव नसे. छपाईचा सारा खटाटोप एकच आकृती शंभरदा जशीच्या तशी उमटावी यासाठी असतो. चौकाचा व्यवहार नेमका याच्या उलट होता. आकृती ठरलेली, पण प्रत्येक वेळी नव्याने, नव्या हातांनी आणि त्या एका घरातल्या त्या एका लग्नापुरती लिहिलेली.

त्या लग्नाची किंमतही सांगितली पाहिजे, कारण दुकानातल्या वस्तूंवर ती कधी छापली जात नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या भागातील बहुतेक जमिनी सावकार-जमीनदारांच्या हाती गेल्या होत्या. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढणारा वारली त्या कर्जाच्या बदल्यात वर्षानुवर्षे, अनेकदा बायकोसह, त्याच्याकडे राबत असे. अशा वेठबिगाराला ‘लग्नगडी’ असा शब्दच रूढ होता. म्हणजे ज्या भिंतीवर पालघटेचा चौक लिहिला जाई, त्याच भिंतीआड नवरा-नवरीच्या गुलामीची सुरुवात होत असे. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी येथे गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेचा मेळावा भरला आणि वेठ न करण्याचा निर्धार झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्यांचे सोबती त्यात बळी पडले. त्या लढ्याने वेठ आणि लग्नगडी या दोन्ही प्रथांचा कणा मोडला. गोदावरीबाईंनी हा सारा इतिहास ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवला आहे.

चित्र भिंतीवरून खाली उतरले ते पाव शतकानंतर. पुपुल जयकर या स्वातंत्र्योत्तर भारतातील हातमाग आणि हस्तकला चळवळीच्या सूत्रधारांपैकी एक. १९६६-६७च्या बिहारमधील दुष्काळात मिथिलेच्या स्त्रियांना कागद देऊन त्यांच्याकडून भिंतीवरची चित्रे कागदावर काढून घ्यावीत, म्हणजे त्यांना चार पैसे मिळतील, अशी कल्पना पुढे आली. त्या कामी चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना मधुबनीकडे पाठवण्यात आले. मधुबनी चित्रांचा बाजार तेथून सुरू झाला. हेच कुलकर्णी १९७०च्या दशकाच्या आरंभी डहाणूच्या पाड्यांवर कागद आणि रंग घेऊन आले.

मिथिलेत जे घडले ते येथे तसेच घडले नाही. तिकडे कागद प्रामुख्याने स्त्रियांच्या हाती राहिला. इकडे तो हाती घेऊन जगभर नाव मिळवणारी पहिली व्यक्ती एक पुरुष होती: गंजाडच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे. लहानपणी आई गेल्यावर त्यांनी बोलणे सोडले होते आणि ते मातीत रेघा ओढून आपले म्हणणे सांगत, असे त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते. विधीची चौकट नसलेला कागद त्यांच्यासाठी मोकळे रान ठरला. त्यांच्या हातून मासेमारीचे जाळे सबंध कागदभर पसरले आणि मुंग्यांच्या रांगा, पावसाच्या सरी, तारप्याभोवती वळत जाणारी माणसांची वेटोळी उमटली. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांचे प्रदर्शन झाले, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील गाजलेल्या जागतिक प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. २००३ मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासह त्यांचे प्रदर्शन भरले. २०११ मध्ये पद्मश्री. मे २०१८ मध्ये ते गेले.

म्हसे यांच्या प्रतिभेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण विधीतून बाजारात येताना या कलेने हात बदलले, हेही तितकेच खरे. भिंतीवर लिहिणारी सवाशीण अनाम होती आणि अनामच राहिली.

म्हसे यांनी कागदाबरोबर कापडही वापरले. कापडावर शेणाचा किंवा गेरूचा लेप देऊन त्यावर पांढरी रेघ काढायची, म्हणजे भिंतच कापडावर आणायची, ही युक्ती आजही डहाणू भागातील चित्रकार वापरतात. अडचण धुण्याची. तांदळाचे पीठ कापडाला धरून राहत नाही. कापड दुमडले की ते तडकते, पाण्यात निघून जाते. म्हणून पीठ गेले, आधी पोस्टर रंग आला आणि मग अॅक्रिलिक. ओढणी, साडी, पिशवी अशा वापराच्या वस्तूंवर धुऊन टिकणारा कापडी रंग आला. अर्थात ही सारी अजून हातचीच चित्रे होती. एका साडीचा काठ भरायला कित्येक दिवस लागत.

ठसा उमटला तो येथेच. वारली आकृतीची घडण छपाईला विलक्षण सोयीची आहे. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की धड होते. वर वर्तुळ ठेवले की डोके. चार काड्या जोडल्या की नाचणारा माणूस. रंग एकच. बहुरंगी छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा किंवा वेगळी जाळीची चौकट लागते आणि त्या एकमेकींशी तंतोतंत जुळवाव्या लागतात. येथे एकच चौकट पुरते. लाकडी चौकटीवर बारीक जाळी ताणायची, तिच्यावर प्रकाशाने कडक होणारे रसायन लावायचे, पारदर्शक कागदावरची काळी आकृती त्यावर ठेवून उजेड द्यायचा आणि आकृतीखाली मऊ राहिलेला भाग पाण्याने धुऊन काढायचा. मग रबरी पट्टीने शाई ओढायची. स्वयंपाकघराच्या ओट्यावरही हे काम होते. मात्र गडद कापडावर साधी पांढरी शाई बुडून जाते; तेथे दाट, अपारदर्शक पांढरी शाई लागते आणि ती महाग पडते. म्हणून बहुतेक छापणारे पांढरे कापड घेऊन भोवतालचा तपकिरी रंगच छापतात. प्रारंभी सांगितलेली उलटापालट ती हीच.

छपाईने आणखी एक गोष्ट केली. तारप्याचा नाच वेटोळ्यात चालतो. मध्यभागी दुधी भोपळ्याचे वाद्य वाजवणारा, त्याच्याकडे तोंड करून वळत जाणारी साखळी, आणि त्या साखळीचे टोक मोकळे. कापडाच्या काठाला वेटोळे चालत नाही, काठाला सरळ पट्टी लागते. म्हणून नाचणारी माणसे एका ओळीत उभी राहिली आणि तारपावाला बहुधा गळूनच गेला. पालघट तर काही वेळा जेवणाच्या ताटाखाली अंथरायच्या कापडावर येऊन बसली.

पायाखाली आलेल्या पवित्र आकृतीचा एक खटला ऑस्ट्रेलियात झाला होता आणि तो येथे आठवावा असा आहे. तेथील आदिवासी चित्रकारांच्या चित्रांवरून व्हिएतनाममध्ये गालिचे विणून ते पर्थच्या एका कंपनीने ऑस्ट्रेलियात विकायला आणले. बांडुक मारिका या चित्रकर्तीच्या कुळातील पवित्र कथेचे चित्र त्यामुळे लोकांच्या पायांखाली गेले. १९९४ मध्ये संघीय न्यायालयाने चित्रकारांच्या बाजूने निकाल देऊन सुमारे १ लाख ८८ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरांची भरपाई ठरवली आणि ती ठरवताना समाजात चित्रकारांना सोसाव्या लागलेल्या मानहानीचाही विचार केला. पण हा विजय कशावर उभा होता? त्या प्रत्येक चित्राला एक ज्ञात कर्ता होता, आणि स्वामित्वहक्क त्या कर्त्याचा होता.

सवाशिणीच्या चौकाला असा कर्ता नाही. भारतीय स्वामित्वहक्क कायदा (१९५७) व्यक्तीच्या निर्मितीला संरक्षण देतो, परंपरेला नव्हे. ज्याला ज्ञात कर्ता आहे त्या नक्षीपुढेही कापड आले की वेगळा अडसर येतो. या कायद्याच्या १५ व्या कलमानुसार, अभिकल्प म्हणून नोंदवता येण्याजोगी नक्षी नोंदवली नाही आणि ती लावलेली वस्तू औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा अधिक वेळा निघाली, तर त्या नक्षीवरचा स्वामित्वहक्क संपतो. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने गादी-सोफ्यांच्या कापडावरील नक्षीच्या वादात हाच नियम लागू केला. मूळ चित्र चित्राच्या रूपात सुरक्षित राहते. कापडावरची नक्षी मात्र एक्कावन्नाव्या प्रतीला मोकळी होते. मग अभिकल्प नोंदवावा, तर २०००च्या अभिकल्प कायद्याची अट अशी, की नक्षी नवी आणि पूर्वी प्रसिद्ध न झालेली हवी. पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर लिहिला जाणारा चौक ही अट कशी पुरी करणार? प्राचीनत्व हा त्याचा मान, आणि कायद्यापुढे तोच त्याचा दोष.

२०१० च्या दिवाळीत कोका-कोलाने आपल्या जाहिरातीत वारली शैली वापरली, तेव्हा आदिवासी तरुणांच्या गटांनी जाहीर आक्षेप घेतला. यथावकाश आदिवासी युवा सेवा संघाच्या नावे वारली चित्रकलेला भौगोलिक उपदर्शनाची नोंद मिळाली. घोलवडच्या चिकूलाही पुढे तीच मिळाली. चिकूच्या बाबतीत या नोंदीचा अर्थ सरळ आहे: दुसरीकडच्या फळाला घोलवडचे नाव लावता येत नाही. चित्राच्या बाबतीत ती तोकडी पडते. ही नोंद नावाचे रक्षण करते, आकृतीचे नाही. बाहेरच्या कारखान्याला आपल्या कापडाला नोंदीतले नाव लावता येत नसले, तरी ते नाव गाळून ‘आदिवासी नक्षी’ म्हणत तोच त्रिकोणी माणूस छापण्यास ही नोंद आडवी येत नाही.

आज डहाणू-तलासरीच्या पाड्यांतील अनेक घरांत हे काम उपजीविकेचे आहे आणि त्यात स्त्रियाही पुन्हा मोठ्या संख्येने आल्या आहेत. कापडी पिशव्या, ओढण्या, मातीची भांडी, बांबूच्या वस्तू हाताने रंगवल्या जातात. त्यांची स्पर्धा त्यांच्याच आकृतीशी आहे: हातच्या एका ओढणीला जो वेळ लागतो तेवढ्यात छापील कापडाचे ठाणच्या ठाण निघते, आणि बाजारात दोन्ही शेजारी टांगलेली असतात. जवळून पाहिले की फरक कळतो. काडीच्या टोकाला रंग संपत आला की रेघ बारीक होते, पुन्हा बुडवली की जाड. छापील रेघ आरंभापासून शेवटापर्यंत एकाच जाडीची. ग्राहक मात्र बहुधा किमतीची चिठ्ठी पाहतो.

पाड्यावर लग्न ठरले की आजही भिंत सारवली जाते. तांदूळ दळले जातात. अॅक्रिलिकची बाटली फडताळात असली, तरी चौकासाठी पीठच कालवले जाते.