'लिहिले' म्हणजे नेमके कधी?

प्रोग्रामने 'लिही' म्हटले की नोंद लगेच डिस्कवर जाते, असे आपण समजतो. तसे नसते. डिस्क मंद, मेमरी वेगवान. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम अलीकडे वापरलेली पाने मेमरीतल्या एका साठ्यात, म्हणजे कॅशमध्ये ठेवते. बदललेली पाने ती सवडीने डिस्कवर उतरवते. जुन्या युनिक्समध्ये हे साधारण दर 30 सेकंदांनी होई. तेवढ्यात वीज गेली तर? पत्र टंकणाऱ्याचे एखादे वाक्य जाईल. बँकेचा मात्र कोणाचा तरी भरणा जाईल.

बर्कले येथील विद्यापीठात 1973 पासून मायकेल स्टोनब्रेकर व यूजीन वाँग यांनी 'इन्ग्रेस' हा डेटाबेस युनिक्सवर घडवला. त्या अनुभवावरून स्टोनब्रेकर यांनी 1981 मध्ये एका लेखात ऑपरेटिंग सिस्टिमच्या उणिवा मांडल्या. पीडीपी-11/70 या संगणकावर कॅशमधून 512 बाइट मिळवायलाही 5,000 हून अधिक सूचना खर्ची पडत. नोंदवहीतील नोंद आधी आणि मूळ पान नंतर डिस्कवर गेले पाहिजे, हा क्रमही सिस्टिमला ठाऊक नसे.

तिसरी उणीव वर्गात करून दाखवता येईल. तीन खुर्च्या मांडा व चार मुलांना 1, 2, 3, 4, पुन्हा 1, 2 अशा क्रमाने बोलवा. जागा नसेल तर सर्वांत आधी बसलेल्याने उठायचे. 4 आला की 1 उठतो, आणि लगेच 1 चीच हाक येते! बोलावलेला मुलगा कधीच खुर्चीवर सापडत नाही. मोठी फाईल पुनःपुन्हा क्रमाने वाचताना कॅशचे असेच होते. पुढे काय लागणार हे डेटाबेसला माहीत असते, सिस्टिमला नाही.

म्हणून अनेक डेटाबेसांनी स्वतःचा साठा सांभाळला आणि फाईलव्यवस्था टाळून थेट डिस्कच्या विभागावर लिहिणे पत्करले. त्यात गैरसोयही होती: फाईलच नसल्याने नेहमीच्या साधनांनी प्रत काढता येईना. 2001 मध्ये लिनक्समध्ये 'ओ-डायरेक्ट' ही सोय आली. फाईल राहते, कॅश तेवढी टळते. डिस्कच्या आतही छोटी कॅश असते, ती रिती करण्याचा आदेश मात्र वेगळा द्यावा लागतो.

गंमत अशी, की स्टोनब्रेकर यांच्याच 'पोस्टग्रेस' प्रकल्पातून आलेला 'पोस्टग्रेस्क्यूएल' सिस्टिमच्या कॅशवर विसंबून राहिला. 2018 मध्ये त्याच्या घडवणाऱ्यांच्या ध्यानात आले, की लिनक्समध्ये पान डिस्कवर जाताना बिघाड झाला, तर तो एकदा कळवून पुढे ते पान 'लिहिलेले' धरले जाई. डेटाबेसने पुन्हा विचारले, की उत्तर 'झाले'! फेब्रुवारी 2019 पासून असा बिघाड कळताच हा डेटाबेस स्वतःला थांबवतो आणि नोंदवहीवरून नव्याने उभा राहतो.

वेग वाढवणारी सोय आणि विश्वास देणारी व्यवस्था या दोन निराळ्या गोष्टी आहेत. 'लिहिले' हे उत्तर ज्याला द्यायचे, त्याने ते स्वतः पारखलेले असावे.