दुर्रस : एक तळटीप
१४. दुर्रस : अल्बानियाचे मुख्य बंदर. जुन्या लेखनात हेच गाव एपिडॅम्नस, डिऱ्हाकियम किंवा दुराझो या नावांनी येते. वाचकाने ती वेगवेगळी गावे समजू नयेत. इटलीतील बारीहून बोटीने येणारे प्रवासी बहुधा सिमेंटच्या इमारती आणि गर्दीचा किनारा यांविषयीच लिहितात. ही टीप ज्या मजकुराला जोडली आहे, त्याचा लेखकही त्या वर्णनावरच थांबला आहे. हा अभिप्राय अपुरा आणि गावावर अन्याय करणारा आहे. बंदरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर दुसऱ्या शतकातले रोमन ॲम्फिथिएटर आहे. ते १९६६ मध्ये सापडले. काही भागावर घरे उभी असल्याने उत्खनन पुरे झालेले नाही. आतल्या लहानशा चॅपलमधली भिंतीवरची मोझेइक चित्रे आवर्जून पाहावीत. हद्दपारीत असलेला रोमन राजकारणी व वक्ता सिसेरो इ.स.पू. ५८ मध्ये येथे आला, पुढच्या वर्षी येथूनच जहाजाने इटलीला परतला. गाव आपल्याशी आपुलकीने वागते, असे त्याने पत्रात नोंदवले आहे. ऑगस्ट १९९१ मध्ये 'व्लोरा' जहाजावर दाटीवाटीने चढून सुमारे २०,००० अल्बानियन लोक बारीला गेले, तेही येथूनच. त्यांतील बहुतेकांना इटलीने परत पाठवले.