ग्राफिटी अक्षरलेखन व यथार्थदर्शन

ग्राफिटी अक्षरलेखन ही भिंतीवरील नामलेखनातून विकसित झालेली अक्षरशैली आहे. फुगीर किंवा टोकदार, एकमेकांत गुंतलेली अक्षरे आणि त्यांना दिलेला घनतेचा आभास ही तिची प्रमुख वैशिष्ट्ये होत. कलाशिक्षणात यथार्थदर्शनाचे नियम समजावण्यासाठी या शैलीचा उपयोग केला जातो.

इतिहास

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात फिलाडेल्फिया व न्यूयॉर्क येथील तरुणांनी भिंतींवर आपली टोपणनावे लिहिण्यास सुरुवात केली. पुढे न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे डबे या लेखनाचे मुख्य माध्यम बनले. १९७१ मध्ये 'द न्यूयॉर्क टाइम्स'ने 'टाकी १८३' या नावाने लिहिणाऱ्या तरुणावर वृत्त प्रसिद्ध केले. फुगीर अक्षरांचे श्रेय सामान्यतः 'फेज २' या कलाकारास दिले जाते. मार्था कूपर व हेन्री चॅलफंट यांच्या 'सबवे आर्ट' (१९८४) या पुस्तकामुळे ही शैली इतर देशांतही पोहोचली.

रेखाटनाची पद्धत

प्रथम शब्द पेन्सिलीने जाड, पोकळ अक्षरांत रेखाटतात. नंतर क्षितिजरेषेवर एक लोपबिंदू निश्चित करून अक्षरांच्या प्रत्येक कोपऱ्यापासून त्या बिंदूकडे फिकट रेषा ओढतात. अक्षराच्या दर्शनी भागाआड जाणाऱ्या रेषा वगळतात. मागील कडा पुढील कडांना समांतर काढल्या जातात. लोपबिंदू शब्दाच्या खाली असल्यास अक्षरांची खालची बाजू दिसते, वर असल्यास वरची. सर्व अक्षरांची जाडी समान असली, तरी लोपबिंदूपासून दूर असलेल्या अक्षरांची बाजू अधिक लांब दिसते. सर्व रेषा एकाच लांबीच्या व समांतर काढल्यास केवळ पडछायेसारखा परिणाम साधतो. त्यास यथार्थदर्शन म्हणता येत नाही.

शब्द दूर जाणाऱ्या भिंतीवर दाखवायचा असल्यास त्याची वरची व खालची रेषा लोपबिंदूकडे नेतात. या चौकटीचे कर्ण जेथे छेदतात, तेथे शब्दाचा मध्य येतो. त्यामुळे दूरची अक्षरे योग्य प्रमाणात अरुंद होतात.

देवनागरी लिपी

देवनागरीत शिरोरेषा ही तयार मार्गदर्शक रेषा ठरते. वेलांटी व मात्रा यांसाठी तिच्या वर, तर उकारांसाठी अक्षरांच्या खाली स्वतंत्र रेषा लोपबिंदूकडे न्याव्या लागतात.

कायदेशीर बाजू

परवानगीविना सार्वजनिक ठिकाणी केलेले लेखन अनेक देशांत गुन्हा ठरते. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपणास प्रतिबंध करणारा कायदा १९९५ मध्ये करण्यात आला. त्यामुळे वर्गातील सराव कागदावर किंवा परवानगी घेतलेल्या भिंतीवर करणे आवश्यक असते.